असल, नक्कल आणि ताळा : संगणकातला संगणक खऱ्या संगणकावर कसा उतरवावा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार बंद केला. विंडोज ११ बसवावयाची तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि ठराविक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. लहान गावांतील दुकानांत जे संगणक आहेत, त्यांपैकी पुष्कळसे या अटीत बसत नाहीत. यंत्र चांगले चालते, छापणी होते, बिल निघते, पण आतली प्रणाली मात्र विनाराखण राहिली आहे. अशा वेळी कित्येक व्यापारी बांधवांच्या घरच्या मुलांनी एक सोय केली. विंडोज तशीच ठेवून तिच्यात व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर घातले, त्यात लिनक्स बसवली आणि दुकानाचा हिसाब तिकडे सुरू केला. प्रयोग म्हणून सुरू झालेले काम हळूहळू पक्के झाले आणि उधारीची सारी वही त्या ‘आतल्या’ संगणकात जाऊन बसली.

आता पुढचा प्रश्न येतो. यंत्रात चार जीबी रॅम, त्यातली दोन विंडोजला आणि दोन लिनक्सला. दोन्ही अर्धपोटी, दोन्ही संथ. गिऱ्हाईक समोर उभे आणि बिल उघडायला पाच मिनिटे. तेव्हा मनात येते की विंडोज काढून टाकावी आणि आतली लिनक्स, तिच्यातील हिसाबासकट, थेट यंत्रावर उतरवावी. हे होते काय? होते, आणि नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. मात्र घाई केली तर काही मिनिटांत सारी वही नाहीशी होऊ शकते. दिघोरीसारख्या गावी मेकॅनिक साकोलीहून किंवा भंडाऱ्याहून येणार, तोही पुसलेली डिस्क परत भरून देईलच असे नाही. म्हणून ही रीत व्यापाऱ्याने स्वतः समजून घेतलेली बरी. काम मुलाने केले तरी चालेल, पण देखरेख मालकाची असावी.

एक शब्द, दोन अर्थ

‘नक्कल’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. उर्दूत नक्ल म्हणजे हुबेहूब प्रत आणि नक्ल-मकानी म्हणजे घर बदलणे. एकाच शब्दात प्रत काढणेही आहे आणि एका जागेहून दुसऱ्या जागी नेणेही आहे. आपल्या आजच्या कामातही हे दोन्ही अर्थ आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रत काढावयाची, मग ती तपासावयाची आणि सगळ्यात शेवटी घर बदलावयाचे. जो आधी घर मोडतो आणि नंतर सामान मोजतो, त्याचे सामान कमीच भरते. या लेखातील मुख्य गोष्ट हीच की ताळा जुळेपर्यंत असल मोडू नये.

हिसाबाची वही ही काही केवळ आपली मालमत्ता नव्हे. धान विकल्यावर पैसे देईन म्हणून शेतकरी कापड नेतो, शिंप्याची मजुरी बाकी असते, गांधीबागेतील ठोक व्यापाऱ्याचे आपल्याकडे येणे असते. या सर्वांचा हक्क त्या नोंदीत आहे. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरहची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असा तिचा आशय आहे. वही कागदाची असो वा डिस्कवरची, ती अमानतच आहे. जकातीसाठी दुकानातील माल आणि येणे रक्कम मांडून चाळिसावा भाग काढावयाचा तोही याच वहीवरून. शिवाय केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिसाबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ या वर्षाच्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखविता आल्या पाहिजेत.

संगणकातला संगणक म्हणजे काय

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर १९६० च्या दशकातच एका यंत्राची अनेक यंत्रे भासविण्याचे काम झाले होते. साध्या संगणकासाठी व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये असे सॉफ्टवेअर विक्रीस आणले आणि व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये आले. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरच्या प्रणालीला यजमान आणि आतल्या प्रणालीला पाहुणा म्हटले जाते. पाहुण्याला वाटते की आपल्याला स्वतंत्र प्रोसेसर, स्वतंत्र रॅम आणि स्वतंत्र हार्ड डिस्क आहे. प्रत्यक्षात त्याची हार्ड डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाईल असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिला व्हीडीआय फाईल म्हणतात.

या फाईलच्या दोन खोडी आधी ओळखून घ्याव्यात.

पहिली अशी की तिचा आकार फसवा असतो. पाहुण्याला ४० जीबीची डिस्क दिसते, पण भरलेला माल १२ जीबीचाच असेल तर फाईल बाहेरून साधारण तेवढीच दिसते. जसजशी गरज पडते तसतशी ती वाढते. म्हणून ती फाईल जशीच्या तशी खऱ्या डिस्कवर ओतता येत नाही.

दुसरी खोडी अधिक धोक्याची आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘स्नॅपशॉट’ घेण्याची सोय आहे. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाईल त्या क्षणी गोठते आणि त्यानंतरचे सर्व लिखाण वेगळ्या फाईलमध्ये होऊ लागते. समजा कोणी सहा महिन्यांपूर्वी स्नॅपशॉट घेतला असेल आणि आज फक्त मूळ फाईल उचलून नेली, तर नव्या यंत्रावर सहा महिन्यांपूर्वीचा हिसाब उघडेल. सगळे व्यवस्थित चालते आहे असेच दिसेल, पण मधली सारी उधारी गायब असेल. ही चूक लगेच लक्षात येत नाही, म्हणून ती फार वाईट.

पार्टिशन आणि त्याच्या बाहेरच्या वस्तू

हार्ड डिस्क म्हणजे मोठे गोदाम मानावे. त्यात भिंती घालून खोल्या पाडतात, त्या खोलीला पार्टिशन म्हणतात. कोणती खोली कोठून सुरू होते आणि कोठे संपते हे गोदामाच्या दारावरील फलकावर लिहिलेले असते. जुन्या पद्धतीत हा फलक डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यात असतो. त्यात ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या सूचनेसाठी, ६४ बाइट चार खोल्यांच्या यादीसाठी आणि शेवटचे २ बाइट शिक्क्यासाठी. बेरीज बरोबर ५१२. आजकाल पहिली खोली २०४८ व्या कप्प्यापासून सुरू करतात, म्हणजे दारात सुमारे एक एमबीची मोकळी ओसरी राहते. लिनक्स सुरू करणारा ‘ग्रब’ नावाचा प्रोग्राम आपला एक महत्त्वाचा तुकडा या ओसरीत ठेवतो.

आता लक्षात येईल की एका खोलीतील माल दुसऱ्या गोदामात हुबेहूब नेला तरी यंत्र का सुरू होत नाही. माल आला, पण दारावरचा फलक आणि ओसरीतला चौकीदार मागेच राहिला. पार्टिशनची नक्कल पूर्ण असते, तरी सुरुवात करणारी वस्तू पार्टिशनच्या बाहेर असते. ती नव्या ठिकाणी नव्याने बसवावी लागते.

नव्या यंत्रांची पद्धत थोडी वेगळी आहे. तिला यूईएफआय म्हणतात. तेथे चौकीदारासाठी फॅट३२ पद्धतीची एक छोटी वेगळी खोली असते. व्हर्च्युअल मशीन जुन्या पद्धतीने बसवलेली असेल तर तिच्यात ही खोली नसू शकते. म्हणून काम सुरू करण्याआधी दोन्हीकडे कोणती पद्धत आहे हे पाहून घ्यावे. दुकानातले यंत्र काही वर्षांचे असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘लेगसी’ पद्धतीचा पर्याय बहुधा सापडतो. शक्य असेल तर जी पद्धत आत तीच बाहेर ठेवावी, काम सोपे होते.

कोणाची नक्कल करावी आणि कोणाची नाही

लिनक्स ही प्रणाली मुक्त परवान्याची आहे. तिची प्रत काढणे, दुसऱ्या यंत्रावर बसविणे, मित्राला देणे हे सर्व परवान्यातच मान्य आहे. त्यामुळे तिची नक्कल कायद्यानेही ठीक आणि मनालाही खटकत नाही.

आत लिनक्सऐवजी विंडोज असेल तर प्रकरण वेगळे. एक तर तिचा परवाना यंत्रागणिक असतो, प्रत काढली म्हणून हक्क येत नाही. दुसरे, विंडोज ज्या यंत्रावर बसते त्याच्या डिस्क-जोडणीचे चालक-प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लक्षात ठेवते. नव्या यंत्रावर ती जोडणी वेगळी निघाली की निळा पडदा येऊन गाडी थांबते. विणकर बांधवांना हे लगेच समजेल. जॅकार्डच्या पत्त्यांचा संच दुसऱ्या मागावर हुबेहूब नेता येतो, पण त्या मागाच्या हुकांची संख्या वेगळी असेल तर नक्षी उठत नाही. पत्ते बरोबर असतात, यंत्र वेगळे असते. टॅलीसारख्या परवानाधारक सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या जागी आधी परत करावा (त्यात तशी सोय आहे) आणि मग नव्या जागी चालू करावा.

भरतकामाचे, जॅकार्ड नक्षीचे किंवा लग्नपत्रिकेच्या उर्दू टंकरचनेचे एखादे जुने सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालत असेल, तर ते खऱ्या यंत्रावर उतरविण्याचा आग्रह धरू नये. ते व्हर्च्युअल मशीनमध्येच ठेवावे आणि तिला इंटरनेटची जोडणी देऊ नये. जुन्या सॉफ्टवेअरला नव्या काळात जिवंत ठेवण्यासाठी हीच जागा योग्य आहे.

पूर्वतयारी

खालील उदाहरणात समजू की दिघोरीच्या एका कापड दुकानदाराची व्हर्च्युअलबॉक्समधील उबुंटू लिनक्स आहे, ४० जीबीची डिस्क, त्यात १२ जीबी माल. उधारी लिब्रेऑफिसच्या तक्त्यात आणि जमाखर्च ग्नूकॅशमध्ये आहे.

१. नवी डिस्क घ्यावी. हा मुद्दा सर्वांत आधी, कारण धोकाही येथेच आहे. आपली असल फाईल विंडोजच्या डिस्कवरच आहे. त्याच डिस्कवर लिनक्स उतरवू गेल्यास ज्या फांदीवर बसलो तीच तोडल्यासारखे होईल. म्हणून विंडोजची डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि यंत्रात दुसरी छोटी एसएसडी डिस्क बसवावी. तिचा आकार ४० जीबीहून जास्त असावा, कारण नवी खोली जुनीपेक्षा लहान चालत नाही.

२. एक बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क आणि दोन पेन ड्राइव्ह हाताशी ठेवावेत. एका पेन ड्राइव्हवर क्लोनझिला हा तैवानमध्ये तयार झालेला मोफत प्रोग्राम आणि दुसऱ्यावर उबुंटूची चालती प्रत, जिला लाइव्ह म्हणतात, भरून ठेवावी. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीची असेल तर तीवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल मावत नाही. क्लोनझिला तुकडे पाडून लिहितो, म्हणून त्याला अडचण येत नाही. इतर मार्गाने जाणाऱ्यांनी मात्र डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्यावी.

३. हिसाबाच्या फाइली वेगळ्या काढाव्यात. सारी नक्कल फसली तरी ग्नूकॅशची आणि लिब्रेऑफिसची फाईल साध्या पेन ड्राइव्हवर सुरक्षित असली पाहिजे. या फाइली काही एमबीच्याच असतात. सारे दुकान त्यातच आहे.

४. चार आकडे कागदावर लिहून सही करावी : रोख शिल्लक, एकूण येणे, एकूण देणे आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक. हे आकडे नंतर ताळ्याला लागतील.

५. काम दुकान बंद असेल त्या दिवशी करावे. नक्कल सुरू झाल्यापासून ताळा जुळेपर्यंत जुन्या संगणकात एकही बिल करू नये. गिऱ्हाईक आलेच तर कच्च्या वहीत लिहावे. दोन ठिकाणी दोन वह्या चालू झाल्या की त्या परत एक करणे फार कठीण जाते.

६. लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएसशिवाय हात लावू नये. नक्कल चालू असताना लाईट गेली तर असल बिघडत नाही, पण नक्कल अर्धवट राहते आणि पहिल्यापासून काम करावे लागते.

नक्कल काढणे

पाहुण्या लिनक्समधून व्हर्च्युअलबॉक्सची पूरक सॉफ्टवेअरे, म्हणजे गेस्ट ॲडिशन्स, आधी काढून टाकावीत. मग तिला रीतसर बंद करावे. व्हर्च्युअलबॉक्स बंद करताना ‘स्थिती जतन करा’ असाही पर्याय देतो, तो घेऊ नये. त्यात अर्धे लिखाण स्मरणात अडकून राहते आणि डिस्कवर उतरत नाही. दुकानाचा गल्ला मोजताना खिशातले पैसे विसरण्यासारखे ते आहे.

त्यानंतर क्लोनझिलाची फाईल त्या व्हर्च्युअल मशीनला सीडी म्हणून जोडून ती सुरू करावी आणि बाहेरची यूएसबी डिस्कही तिलाच जोडावी. आत सुरू झालेल्या क्लोनझिलाला पाहुण्याची डिस्क आजच्या स्थितीत दिसते, स्नॅपशॉट किती का असेनात. वर सांगितलेली दुसरी खोडी येथे आपोआप टळते. क्लोनझिला फक्त भरलेला भाग वाचतो, त्यामुळे रिकामी जागा वाहून न्यावी लागत नाही. त्यात ‘सेव्हपार्ट्स’ हा पर्याय निवडावा, लिनक्सचे पार्टिशन दाखवावे आणि शेवटी ‘जतन केलेली प्रत तपासा’ असे विचारले जाईल त्याला होकार द्यावा.

वेळेचा अंदाज असा. जुन्या यूएसबी २ जोडणीवर सेकंदाला सुमारे ३० एमबी धरले तर १२ जीबीला ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटे लागतील. पूर्ण ४० जीबी ओतावयाचे झाल्यास बावीस मिनिटे. दाबून लिहिणे आणि तपासणे धरून तास-दीड तास मोकळा ठेवावा.

जाणकार मंडळी दुसरा मार्गही वापरतात. व्हीबॉक्समॅनेज किंवा क्यूईएमयू-आयएमजी या साधनांनी व्हीडीआय फाईलचे साध्या, सलग रूपात रूपांतर करतात आणि ‘डीडी’ या जुन्या युनिक्स आज्ञेने ती डिस्कवर ओततात. मार्ग खरा आहे, परंतु डीडीमध्ये ‘कोठून’ आणि ‘कोठे’ ही दोन नावे उलटी पडली तर ती काही न विचारता रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहून टाकते. सवय नसलेल्याने हा मार्ग घेऊ नये. घेतलाच तर ‘शा-२५६’ची बेरीज दोन्ही बाजूंना काढावी. ही ६४ अक्षरांची खूण असते. फाईलमध्ये एक बिंदू जरी बदलला तरी सारी खूण बदलते. दोन्हीकडची खूण एकच आली तर माल वाटेत फुटला नाही असे समजावे.

नव्या डिस्कवर उतरविणे

नव्या डिस्कसह खरे यंत्र उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावे. जीपार्टेड या साधनाने आधी फलक तयार करावा, मग खोल्या पाडाव्यात. जुनी पद्धत असेल तर एकच मोठी खोली पुरते. यूईएफआय असेल तर आधी सुमारे ५०० एमबीची फॅट३२ खोली पाडून तिला ‘ईएसपी’ अशी खूण लावावी. त्यानंतर क्लोनझिलावरून यंत्र सुरू करून ‘रिस्टोअरपार्ट्स’ने नक्कल मोठ्या खोलीत उतरवावी. कोणत्या डिस्कवर लिहावयाचे हे विचारताना क्लोनझिला डिस्कचे नाव आणि आकार दाखवतो. तो मोठ्याने वाचून दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. कर्जाच्या लिखाणाला जसे साक्षीदार, तसे येथेही एक जण शेजारी असावा.

आता चौकीदार बसवावयाचा. पुन्हा उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ‘बूट-रिपेअर’ हे साधन चालवावे. ते ग्रब योग्य जागी बसवून देते. हाताने करणारे त्या खोलीत ‘सीएचरूट’ने शिरून ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ या दोन आज्ञा देतात.

तीन बारीक गोष्टी येथे अडवतात.

पहिली, प्रत्येक खोलीला यूयूआयडी नावाचा ३२ अंकाक्षरांचा क्रमांक असतो. नकलेबरोबर तोही तसाच येतो, म्हणून लिनक्सला आपली मुख्य खोली सापडते. परंतु ‘एफएसटॅब’ या यादीत जुन्या स्वॅप खोलीचा क्रमांक राहिला असेल तर यंत्र सुरू होताना तिची वाट पाहत दीड मिनिट थांबते. ती ओळ काढावी किंवा नवा क्रमांक घालावा. हाच क्रमांक दोन डिस्कवर असताना त्या दोन्ही एकाच यंत्राला जोडू नयेत, यंत्र भलतीच खोली उघडू शकते.

दुसरी, ड्रायव्हर. उबुंटू आणि डेबियन बहुतेक सर्व प्रकारच्या डिस्कचे ड्रायव्हर सुरुवातीच्या पेटीत बाळगतात, म्हणून त्या नव्या यंत्रावर सहज उठतात. फेडोरा मात्र फक्त त्या यंत्रापुरते ड्रायव्हर ठेवते. तेथे ‘रेस्क्यू’ नोंदीने सुरू करून पेटी नव्याने बांधावी लागते.

तिसरी, नवी खोली ४० जीबीपेक्षा मोठी केली असेल तर आतली फाईल-व्यवस्था कधी कधी अजून ४० जीबीचीच समजत राहते. जीपार्टेडमधून तिला खोलीभर पसरवून घ्यावे. जाळ्याच्या जोडणीचे नाव आणि पडद्याचा आकारही बदलतो, पण ते किरकोळ आहे.

ताळा

यंत्र सुरू झाले, जुनाच पडदा दिसला, म्हणजे काम झाले असे नाही. येथूनच व्यापाऱ्याचे काम सुरू होते. खालील तपासणी मालकाने स्वतः करावी.

अ. कागदावर लिहिलेले चारही आकडे नव्या यंत्रावरील आकड्यांशी लावावेत. शेवटच्या बिलाचा क्रमांक आधी पाहावा. जुनी प्रत उतरली असेल तर तो तेथेच पकडला जाईल.

आ. दोन जुनी बिले उघडावीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. १५०० रुपयांच्या तयार कपड्यावर आधी १२ टक्के, म्हणजे १८० रुपये कर होता, नंतर ५ टक्के, म्हणजे ७५ रुपये झाला. एक बिल त्या तारखेआधीचे आणि एक नंतरचे पाहावे. दोन्हींतील कर ज्या त्या वेळच्या दराने दिसला पाहिजे.

इ. उधारीच्या वहीतील कोणतीही पाच खाती कागदी पावत्यांशी ताडून पाहावीत. त्यांत एक लहान खाते अवश्य घ्यावे. मोठी खाती तोंडपाठ असतात, लहान खात्यांचीच नोंद हरवते.

ई. एक बिल छापून पाहावे. यंत्र पूर्ण बंद करून दोनदा सुरू करावे, एकदा सर्व पेन ड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क काढून. कधी कधी यंत्र पेन ड्राइव्हच्या आधारावरच सुरू होत असते आणि तो काढल्यावर उघडे पडते.

उ. हे सर्व जुळल्यावर कच्च्या वहीतील बिले नव्या यंत्रात चढवावीत आणि त्या दिवशीची तारीख टाकून ‘या दिवसापासून नवी वही’ असे लिहून ठेवावे.

असल कधी मोडावी

ताळा जुळला तरी जुनी विंडोजची डिस्क लगेच पुसू नये. किमान एक पूर्ण महिना नव्या यंत्रावर काम करावे, एक जीएसटी विवरणपत्र त्यावरून भरावे, मगच तिचा विचार करावा. या काळात जुनी व्हर्च्युअल मशीन उघडून तीत काही लिहू नये, केवळ पाहण्यापुरती ती आहे. क्लोनझिलाने काढलेली प्रत बाहेरच्या डिस्कवर राहू द्यावी आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवावी. आग, पाणी, चोरी यांपैकी काहीही झाले तरी दोन्ही जागा एकाच वेळी जात नाहीत.

एका गोष्टीची मात्र खूणगाठ बांधावी. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक सोय होती, ती आता जाते. तेव्हा एक फाईल उचलली की सारे दुकान उचलले जात असे. आता हिसाब खऱ्या डिस्कवर आहे आणि डिस्क कधीतरी बिघडणारच. म्हणून दर आठवड्याला, शक्यतो ठराविक दिवशी, हिसाबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात आणि महिन्यातून एकदा त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेले थान. गाठ आली म्हणून माल पूर्ण आला असे कोणी व्यापारी मानत नाही, तो मीटर लावून मोजतो. संगणकाच्या बाबतीतही तीच सवय ठेवली तर यंत्र जुने असो वा नवे, ज्याचे जे येणे-देणे आहे ते शाबूत राहील, इन्शाअल्लाह.